आईच्या नावावरची खोट

आमच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं की पहिलं रक्त आमचंच जातं. यंत्र खरं बोलतंय का हे पाहायला निरोगी माणसांचे नमुने लागतात, आणि निरोगी माणसं शोधायला लांब कशाला जायचं, म्हणून आम्ही सगळे, शिपायापासून माझ्यापर्यंत, एकमेकांसमोर हात पुढे करतो. मागच्या थंडीत असंच एक यंत्र आलं. मी चहा पिऊन परतले तर माझी विद्यार्थिनी दारातच उभी होती. "मॅडम, तुमचा नमुना परत लावू का?" असं तिने विचारलं, पण माझ्याकडे न बघता.

मी तिच्यावर खेकसले. नळ्यांची अदलाबदल केली असशील, यंत्र नीट धुतलं नसशील, मनात येईल ते बोलले. मग स्वतःच नवं रक्त काढून दिलं आणि तिच्या डोक्यावर उभी राहिले. आलेख तसाच आला. तांबड्या पेशींच्या आजारांवर काम करण्यात माझं निम्म्याहून अधिक आयुष्य गेलंय. तो आलेख दुसऱ्या कुणाचा असता तर मी लांबूनच सांगितलं असतं, की हा माणूस थॅलेसेमियाचा वाहक आहे.

वाहक म्हणजे आजारी नव्हे. वाहक माणूस धडधाकट जगतो, रंगाने जरा फिका, तपासणीत हिमोग्लोबिन जरा कमी, एवढंच. त्याला वाटतं आपल्याला लोह कमी पडतंय. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळाच्या वेळी चारात एक शक्यता अशी असते की मूल खरा आजार घेऊनच जन्माला येईल. मग त्या मुलाला दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवून जगवावं लागतं. अशी मुलं आणि त्यांच्या आया मी रोज बघते. गावोगाव शिबिरं घेऊन मी हेच सांगत हिंडते, की लग्नाआधी तपासा, निदान मूल होण्याआधी तपासा. "यात लाजण्यासारखं काय आहे? कुणाचे डोळे घारे असतात, तसंच हे," हे माझं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना मी हसते, म्हणजे समोरच्याला धीर येतो.

आणि मी त्या विद्यार्थिनीला पहिली गोष्ट काय सांगितली, तर कुणाला बोलू नकोस. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मुलीने मान हलवली. मला तिच्यासमोर उभं राहवेना. कॉलेजात असल्यापासून मी अधूनमधून लोहाच्या गोळ्या खात आले होते, आणि माझ्या पेशी लहान का आहेत हे बघावं असं मला, याच विषयातल्या बाईला, एकदाही सुचलं नव्हतं.

लग्न मी केलं नाही, त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न मिटला असता. पण घरी जाऊन अंथरुणाला पाठ टेकली आणि धाकटा भाऊ आठवला. माझ्या रक्तात आहे ते त्याच्याही रक्तात असण्याची शक्यता निम्मी. त्याचं लग्न उशिरा झालं होतं, भावजय वेंगुर्ल्याची, आणि तिला तिसरा महिना लागलेला. दोघांपैकी एकजण जरी वाहक नसला तर बाळाला धोका नव्हता. दोघंही असले तर पोटातल्या बाळाची तपासणी करावी लागणार होती, आणि ती वेळेत व्हायला हवी होती. मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली, सुया आणि जांभळ्या बुचांच्या नळ्या पिशवीत भरल्या आणि मुंबईहून मिठबावला, आमच्या गावी गेले.

घरी पोचले तेव्हा भाऊ आंब्याच्या कलमांवर फवारणी करायला गेला होता. आई स्वयंपाकघरात विळीवर बांगडे साफ करत होती. माझी आई पहिल्यापासून काटकुळी आणि पांढुरकी. विहिरीवरून घागर आणली की उंबऱ्यावर टेकायची, छातीवर हात ठेवून दम खायची आणि मग आत यायची. बाबा होते उंचेपुरे, तांबूस. ऐंशी किलोचा आंब्याचा भार लीलया उचलणारे. आल्यागेल्यासमोर ते म्हणायचे, "हिच्या अंगात रगातच नाय." पाहुणे हसायचे. आम्ही दोघं भावंडंही हसायचो. आईही हसायची आणि चहा आणायला आत जायची. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण ते वाक्य घरात राहिलं होतं. अजूनही आई दमली की भाऊ ते म्हणायचा, बाबांसारखा आवाज काढून.

मी पाटावर बसले आणि आईला सगळं समजावून सांगितलं. घरात आम्ही मालवणीतच बोलतो, पण आजाराचा विषय निघाला की माझी भाषा आपोआप कचेरीतली होते. शिबिरात सांगते तसंच सांगितलं. माझ्यात आहे, भावात असू शकेल, बाळाचा प्रश्न आहे. आई हातातलं काम न थांबवता ऐकत होती. मग तिने विचारलं, "ह्या येता खंयसून?"

आईकडून किंवा वडिलांकडून, मी म्हटलं.

"मगे तुका कोणाकडसून इला?"

"तुझ्याकडूनच असणार, आई. तुझं रक्त कधी बरं होतं?"

हे वाक्य माझं. आजही मला ते तसंच्या तसं ऐकू येतं. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने तपासल्याशिवाय 'असणार' असं लिहिलं असतं तर मी त्याचं पान त्याच्या तोंडावर फेकलं असतं. आणि पिशवीत नळ्या होत्या, सुया होत्या, आईचा हात समोर होता. पण आईचं रक्त तपासायची मला गरजच वाटली नाही, कारण ते वाईट आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं.

"बरा," आई म्हणाली. तिने बांगड्याचं डोकं काढलं आणि पुढचा उचलला.

दुपारी भाऊ जेवायला आला तेव्हा मी विषय काढला. तो ऐकता ऐकता जेवायचा थांबला. शिबिरात लोक जे जे म्हणतात ते ते तो ओळीने म्हणाला. आपण धडधाकट आहोत. आपल्या घराण्यात असलं काही नाही. तपासलं की काहीतरी निघतंच, डॉक्टरांना तेवढंच हवं असतं. मीही त्याला माझं ठरलेलं वाक्य ऐकवलं, घाऱ्या डोळ्यांचं, आणि हसलेही. तो भडकला. "तिच्या म्हायेरच्यांका काय सांगू? आमच्या रगतात खोट आसा म्हणान?" एवढं बोलून तो हात धुवायला उठला. मी स्वतः तरी मुंबईत कुणाला सांगितलं होतं?

भावजय सगळं ऐकत वाढत होती. नंतर ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती तिथे मी गेले. खरं सांगायचं तर माझ्या मनात वेगळंच शिजत होतं. गरोदरपणातली नेहमीची तपासणी आहे, लोह बघायचंय, असं सांगून तिचं रक्त काढून न्यावं. तिचं रक्त बरं निघालं तर भावाला विचारायलाच नको. माहिती देऊन संमती कशी घ्यावी याचे मी वर्ग घेते. त्या वर्गात बसलेल्यांनी माझं मन वाचलं असतं तर काय म्हणाले असते? मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "ताई, माझो हात तयार आसा. पण ह्येंच्या पाठीमागसून नाय." मला कानकोंडं झालं. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं, आणि तिच्या बादलीतलं एक लुगडं उचलून पिळायला लागले. ते आधीच पिळलेलं होतं.

दोन दिवस असेच गेले. भाऊ माझ्याशी बोलेना, मी आईशी बोलेना, आणि आई बाबांच्या फोटोसमोर जरा जास्तच वेळ बसायची. मला वाटलं, लेकीला आपल्यामुळे झालं, मुलालाही झालं असेल, याचं तिला वाईट वाटत असेल. तिची समजूत काढायला गेले आणि म्हटलं की यात तुझा दोष नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी राखण होती. आमच्याकडे कलमांच्या बागेच्या कडेला राखणदाराचा दगड आहे. मोहोर धरायच्या सुमाराला सगळी भावकी तिथे जमते, नारळ आणि कोंबडा होतो, आणि घरातला वडीलधारा गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने राखणदाराला मोठ्याने सांगणं सांगतो. प्रत्येक वाक्याला बाकीचे पुरुष "व्हय म्हाराजा" म्हणतात. बायका बाजूला, काजूच्या झाडाखाली उभ्या असतात. त्या बोलत नाहीत. गाऱ्हाणं घालायचा मान आता काकांचा, बाबांच्या धाकट्या भावाचा. आयुष्य बोटीवर काढलेला माणूस. त्यांचा आवाज अजूनही शेजारच्या बागेत ऐकू जातो.

काकांनी नेहमीचं सांगणं सांगितलं. मग प्रथेप्रमाणे विचारलं, कोणाचं काही वेगळं आहे काय. एका चुलतभावाची बोअरवेल लागत नव्हती, एकाच्या मुलाची गोव्यातली नोकरी अडली होती. ती गाऱ्हाणी झाली. आणि मग काजूच्या झाडाखालून आईचा आवाज आला, "माझा आसा, भावजी."

ती डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे आली आणि काकांच्या शेजारी उभी राहिली. तिने त्यांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग भावाकडे. पण राखणदारापुढे विचारून झाल्यावर नाही म्हणता येत नाही. त्यांनी हात जोडले.

"म्हाराजा, ह्या आमच्या वयनीच्या रगतात खोट आसा..."

"व्हय म्हाराजा," पुरुष म्हणाले. सवयीने म्हणाले आणि मग एकमेकांकडे बघू लागले.

"ती खोट तिच्या चेडवाक लागली आसा..."

"व्हय म्हाराजा."

"झीलाक लागली काय नाय ता बघूक झील तयार नाय. तेका बुद्धी दी. सुनेच्या पोटातल्या पोराक सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

रुग्णाची माहिती कशी जपावी, दार लावून घेऊन कशी सांगावी, हे मी इतरांना शिकवत आलेय. आणि चेडू म्हणजे लेक, झील म्हणजे मुलगा; माझ्या रक्तातली खोट आमच्या अख्ख्या भावकीने हात जोडून मान्य केली होती. धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. मला आईचा राग आला, इतका की तिथे बोलायला लागले असते तर थांबले नसते. माझ्या शेजारी उभी असलेली काकी जरा सरकून उभी राहिली. मुद्दाम सरकली की कोंबड्याच्या टोपलीला जागा करायला, ते मला आजही सांगता येणार नाही.

भाऊ तोंड पाडून उभा होता. जेवण शिजत असताना तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि सदऱ्याची बाही वर करून म्हणाला, "काढ." राखणदारासमोर सांगून झालेलं नाकारायची हिंमत आमच्याकडे कुणाचीच नाही, शिकलेल्याचीही नाही.

मी घरापुढच्या खळ्यात, अंगणात, बाकावर बसून आधी त्याचं रक्त काढलं, मग भावजयीचं. अख्खी भावकी भोवती उभी राहून बघत होती. आई पुढे आली आणि न विचारता तिने हात पुढे केला. मी तिचंही घेतलं, आपलं नोंदीला असावं म्हणून. काकांना मजा वाटायला लागली होती. त्यांनीही बाही वर केली. "माझा पण काढ गो बाय. येक नळी उरली दिसता."

"तुमचं कशाला, काका?" मी हसून म्हटलं. "हे आईच्या माहेरचं आहे. तुमचा काही संबंध नाही."

काकांनी बाही खाली केली. काकी मोठ्याने म्हणाली, बरं झालं बाई, आमच्या नातीचं जमत आलंय, देवाने राखलं. मग बायका पत्रावळी मांडायला लागल्या. आई त्यांच्या ओळीत शेवटी उभी होती. तिच्या हातातल्या पत्रावळी कुणीतरी "तू ऱ्हांव दे" म्हणत काढून घेतल्या. मी ते बघितलं. माझ्या मनात आलं ते एवढंच, की हिने स्वतःच ओढवून घेतलंय, कोणी सांगितलं होतं चारचौघात बोलायला.

भावाने देवगडच्या जेटीवरून मासळीच्या पेटीत बर्फ आणला. मी नळ्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्या, कारण बर्फ टेकला की पेशी फुटतात, आणि कणकवलीहून रात्रीची गाडी पकडली.

पहिला निकाल भावजयीचा बघितला. तिचं रक्त स्वच्छ होतं, ती वाहक नव्हती. बाळाला धोका नव्हता. मी लगेच फोन लावला.  भावाने ऐकलं, फोन तसाच हातात ठेवून तिला हाक मारली, आणि त्या हाकेवरूनच मला कळलं की एवढे दिवस तो किती घाबरला होता. तो स्वतः वाहक निघाला होता. ते सांगितल्यावर तो म्हणाला, असो, आता त्याचं काही नाही.

आईचा निकाल मी शेवटी बघितला. पेशी लहान, फिकट, पण आलेख माझ्यासारखा नव्हता. लोह फार कमी असलं की कधीकधी वाहकपण झाकलं जातं, म्हणून मी त्यावर विसंबले नाही. माझ्यात आणि भावात जो नेमका बदल होता तोच तिच्या जनुकांत शोधला. तो नव्हता. मी पुन्हा लावलं. विद्यार्थिनी शेजारी उभी होती. यावेळी मी तिच्यावर ओरडले नाही. पुन्हा तेच.

"मग वडिलांकडून आलं असणार," ती म्हणाली.

दोघांपैकी एकाकडून येतं, आईकडून आलेलं नाही, म्हणजे बाबांकडून. तिच्या 'असणार'मागे पुरावा होता. मी खुर्चीवर बसले. मला बाबांचे तांबूस, रुंद हात आठवले आणि पाहुण्यांसमोरचं ते हसणं आठवलं. आईच्या रक्तात साधं लोह नव्हतं, वर्षानुवर्षं नव्हतं, आणि त्याचं कारण शोधायला मला यंत्र लागत नव्हतं. आमच्या घरात आई सगळ्यांत शेवटी जेवायची. मासळीचे तुकडे बाबांच्या, भावाच्या, माझ्या ताटात जायचे. तिच्या ताटात रस्सा आणि डोकं. दोन बाळंतपणं, विहिरीचं पाणी, आंब्याचे हंगाम, सगळं तिने त्याच रश्शावर काढलं. मी लोकांच्या आयांना विचारते, ताई, जेवता काय तुम्ही? आणि आपल्या आईला मी उपदेश करायचे, पालेभाजी खा.

त्यात आणखी एक. बाबांकडून आलं म्हणजे भावकीत आलं. काकांच्या रक्तात असेल किंवा नसेल, पण पहिला तपास त्यांचाच व्हायला हवा होता. त्यांनी हात पुढे केला होता, आणि मी हसून तो मागे घ्यायला लावला. त्यांच्या नातीचं लग्न जमत होतं. कपाळावर हात मारून घ्यावा असं काम मी केलं होतं.

मी परत गावी गेले. आई स्वयंपाकघरात होती. मी त्याच पाटावर बसले आणि यावेळी कचेरीतली भाषा वापरली नाही. सगळं सांगितलं. आईने हात पुसले.

"म्हणजे माझ्या रगतात खोट नाय?"

"नाय गो आये. तुझ्या रगताक खावकच मिळाला नाय. इतकी वर्सां."

"ता माका म्हायत होता," ती म्हणाली.

मला रडू आलं. तिने मला जवळबिवळ घेतलं नाही. आई रागावली होती, आणि ती रागावलेली मी फार कमी वेळा बघितली आहे. मी म्हटलं, चुकलंय. ती चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "माका सांगान काय उपेग? मी चारचौघात माझ्या नावार घेतलंय. तू पण चारचौघातच काढ."

मी आधी काकांकडे गेले. ज्याचं आहे त्याला आधी, हा नियम निदान यावेळी पाळला. काकांनी ऐकून घेतलं. काकी उठून आत गेली. काका म्हणाले, मेलेल्या माणसाला कशाला मध्ये आणतेस, पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू. मी म्हटलं, पोरीसाठीच आलेय. ते पुष्कळ वेळ सुपारी कातरत बसले. शेवटी म्हणाले, "वयनीन जंय सांगल्यान, थंयच सांगूक व्हया."

रविवारी सकाळी आम्ही राखणदाराकडे जमलो. कोंबडा नव्हता, फक्त नारळ. मागच्यापेक्षा माणसं कमी होती. बायका काजूखाली उभ्या राहिल्या, आई सगळ्यांत मागे. मी काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आई राहिली होती त्याच जागेवर, आणि त्यांना एकेक वाक्य सांगायला लागले. पहिलं वाक्य दोनदा सांगावं लागलं. काकांनी हात जोडले.

"म्हाराजा, गेल्या खेपेक वयनीच्या नावार जी खोट सांगली..."

"व्हय म्हाराजा."

"ती तिची नव्हती. ह्या चेडवान बघल्याबिगर सांगल्यान. चुकी चेडवाची."

"व्हय म्हाराजा," पुरुष म्हणाले, जरा जोरातच म्हणाले. माझी चूक मान्य करायला कुणाला जड गेलं नाही. शरमेने माझे कान तापले होते, पण मान खाली घालायची नाही असं मी ठरवून आले होते.

पुढचं वाक्य मी सांगितलं. काका थांबले. त्यांचा तो शेजारच्या बागेत जाणारा आवाज अगदी बारीक झाला.

"म्हाराजा, ती खोट आमच्या भावाची. आमच्या घराण्याची. आमची."

कुणी काही बोललं नाही. चुलतभाऊ दगडाकडे बघत होते. माझा भाऊ पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. गाऱ्हाण्यातलं वाक्य हुंकाराशिवाय पुढे जात नाही, काका हात जोडून तसेच उभे होते. मला वाटलं, आता हे इथेच राहणार. आईचं नाव तसंच राहणार, आणि ती पोरगी न तपासता लग्न करून जाणार.

"व्हय म्हाराजा."

आवाज मागून आला, काजूच्या झाडाखालून. बायकांनी म्हणायचं नसतं ते आईने म्हटलं, एकटीने, आणि चांगलं मोठ्याने म्हटलं. दम न लागता.

काकांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं. मग ते दगडाशेजारीच मातीत बसले आणि त्यांनी बाही वर केली. मी त्यांच्यासमोर गुडघे टेकले, दंडाला पट्टा बांधला आणि शीर शोधू लागले. डोळे भरून आले होते, त्यामुळे ती मला लवकर सापडेना.